बेबाच्या खुर्चीकडे

२९ मार्च, शुक्रवार

ही वही मारिएलने पाठवली. "फोनवर माझं डोकं खातेस त्यापेक्षा हिचं खा, आई," असं वर सांगितलं. लेक दूर दक्षिणेत नेउकेनला राहते. तिकडचा वारा बोचरा, आता तिची जीभही तशीच झाली आहे. असो. सुरुवात करते.

आज एकोणतीस तारीख, म्हणून न्योकी, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, केले. बटाटे बरे निघाले. रिवाजाप्रमाणे बरकतीसाठी ताटांखाली एकेक नोट ठेवली. माझा नवरा एवारिस्तो दर महिन्याला जेवण झालं की ताट उचलतो, नोट खिशात घालतो आणि म्हणतो, "चला म्हातारे, श्रीमंत झालो!" लग्न झाल्यापासून हाच विनोद, आणि लग्न झाल्यापासून मी हसते. आज त्याने ताट उचललं, सिंकमध्ये नेऊन ठेवलं आणि परत येऊन बसला. नोट टेबलावर तशीच. मी म्हटलं, "अरे, नशीब विसरलास की." मग म्हणाला, "तुला ठेवलंय."

मला काही हसू आलं नाही. नवऱ्याने घरातला विनोद सोडला की समजावं, त्याचं मन बाहेर कुठेतरी हसतंय.

जानेवारीत त्याने दुकान बंद केलं. या शहरातल्या अर्ध्या नाचणाऱ्यांचे बूट त्याच्या हातचे. "चामडं पूर्वीसारखं येत नाही," म्हणाला. त्या दुकानाच्या काउंटरवर मी जन्म काढला, चामडं मलाही कळतं. चांगलं येत होतं.

३१ मार्च, रविवार

वहीला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तिला वाटेल मी उगाच कांगावा करते.

आमच्या क्लबात रविवारी दुपारी मिलोंगा, म्हणजे टँगो नाचाची बैठक, भरते. एका भिंतीला बायका बसतात, समोरच्या भिंतीला पुरुष. पुरुषाला जिच्याबरोबर नाचायचं असेल तिच्या डोळ्यांत तो बघतो. तिला चालणार असेल तर ती मान हलवते, मग तो उठून तिच्यापाशी येतो. चालणार नसेल तर ती नजर वळवते. ना कोणी नाही म्हणालं, ना कोणाचा अपमान झाला. बाईने उठून पुरुषाकडे जायचं नाही. आणि एकदा बाई मान हलवून उभी राहिली की पुरुषाने बसून राहायचं नाही, मग त्याचा पाय मोडलेला का असेना.

आम्ही नवराबायको असून वेगळे बसतो. इथेच भेटलो होतो, असंच. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी तो म्हणाला होता, "लग्नाचं एकदा विचारलं, ते झालं. नाचाचं मी दर रविवारी नव्याने विचारणार." आणि शेवटचा टँगो कायम माझा. शेवटचा ज्याचा त्याने आपल्या माणसाबरोबरच नाचायचा असतो.

गेले कितीतरी रविवार तो माझ्याकडे बघत नाही. बेबाकडे बघतो. बेबा म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण, विधवा, माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसते. आजही तेच झालं.

"अगं, तो माझ्याकडे बघतोय," बेबा ओठ न हलवता म्हणाली.

"दिसतंय मला."

"मग मी काय करू? छताकडे बघू?"

"मान तुझी आहे, तू ठरव."

तिने मान हलवली. तो हलला नाही. ती उठून उभी राहिली तेव्हा कुठे उठला. आमच्या खुर्च्यांपाशी आला आणि तिला समोर बघून असा काही थबकला, जसा चुकून दुसऱ्याच्या घरात शिरला असावा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मग तिच्याबरोबर नाचला. शेवटचा टँगो आमचा झालाच नाही, आम्ही दोघंही बसून राहिलो.

बेबाने नवीन केशरचना केली आहे. तांबूस. तिला शोभत नाही.

३ एप्रिल, बुधवार

मारिएलचा फोन. सत्तावीस तारखेला आमच्या लग्नाचा वाढदिवस. त्यासाठी तिने सान तेल्मोतल्या एका थिएटरची टँगो शोची तिकिटं काढली आहेत. "जेवण घ्यायचं की नुसता शो, ते तुमच्यावर आहे. ठरवून मला कळवा."

मी म्हटलं, "अगं, खाटकाला मटण भेट देतेस?"

"मी बाबांना आधीच विचारलंय. ते लगेच हो म्हणाले."

माझा विश्वास बसेना. हा माणूस अशा कार्यक्रमांना जत्रा म्हणतो. दातांत गुलाब धरतात, डोक्याच्या वर पाय फेकतात आणि परदेशी पाहुणे टाळ्या पिटतात, असं त्याचं नेहमीचं प्रवचन. संध्याकाळी तो नळीने मातेचा कडू चहा पीत बसला होता, तेव्हा मी विषय काढला.

"जायचंय मला," तो म्हणाला. "बघायचंय."

"काय बघायचंय?"

"पाय. नाचणाऱ्यांचे पाय. एकदा नीट, जवळून. अगदी पुढच्या टेबलावर बसू." मग म्हणाला, "पण जेवण नको."

"का नको?"

"उगाच. घरून जेवून जाऊ."

तर असं आहे. या वयात त्याला परक्या पोरींचे पाय जवळून बघायचे आहेत, आणि बायकोसमोर बसून तासभर जेवायचं म्हटलं तर नको. तो मातेच्या भांड्यात गरम पाणी ओतायला लागला तर अर्धं टेबलावर सांडलं. मन ठिकाणावर नसलं की असंच होतं.

७ एप्रिल, रविवार

आज जे केलं ते लिहून ठेवते. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

शेवटचा टँगो जाहीर झाला. एवारिस्तो पुन्हा बेबाच्या दिशेला तोंड करून बसलेला. बेबाला माझी दया आली असावी, ती मुद्दाम बुटाचा पट्टा बांधायला खाली वाकली. तरी ह्याची मान तिकडेच. मी त्याच्याकडे एकटक बघत होते. मनात म्हणत होते, एकदा इकडे बघ. एकदा बघ, मी सगळं विसरते. पण न विचारता मान हलवण्याइतकी लाज मी अजून सोडलेली नाही.

त्याच्या शेजारी लिटो बसतो. उंच, सरळ, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला. त्याने माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे काय, त्याला माझी कीव आली. मी मान हलवली.

हॉलमध्ये कुजबुज झाली ती मी ऐकली. ओफेलिया शेवटचा टँगो दुसऱ्याबरोबर नाचते आहे! लिटो नाचताना मागे रेलतो, त्यामुळे सगळा भार आपल्या टाचांवर येतो. पण मी नाचले. दोन फेऱ्यांना एवारिस्तोच्या टेबलाजवळून गेलो. दुसऱ्या वेळी तर माझ्या पोशाखाचा घेर त्याच्या गुडघ्याला लागला. लागला म्हणजे मी लावला. त्याने तोंडसुद्धा फिरवलं नाही. बेबाच्या खुर्चीकडे बघत दगडासारखा बसून होता.

घरी चालत येताना त्याने माझा दंड धरला होता. हल्ली रस्त्यात नेहमी धरतो. लोकांना दाखवायला, दुसरं काय. कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी म्हणाला, "मी शेवटपर्यंत तुझ्याकडेच बघत होतो."

इतकं धडधडीत खोटं! मी म्हटलं, "हो का? मग काय दिसलं?"

तो चालत राहिला. लिटोबद्दल एक शब्द नाही. रागावला असता, भांडला असता, चार शिव्या दिल्या असत्या तर मी आज शांत झोपले असते.

१० एप्रिल, बुधवार

तिकिटांचं ठरलं. थिएटरात त्याने स्वतः फोन केला. पुढचं टेबल हवं आणि जेवण नको, असं तिथल्या मुलीला पुन्हापुन्हा सांगत होता. मी दाराआडून ऐकत होते.

"म्हणजे नुसता शो घेतला तर मागे बसवणार? वरच्या बाल्कनीत? ... नाही, नाही, मला पुढेच हवं. ... बाळ, मी जेवणाचे पैसे भरतो, फक्त जेवण आणू नका, असं नाही का चालणार?"

पलीकडची पोर हसली असावी, कारण तो ओशाळा हसला. पुढची टेबलं जेवणाऱ्यांनाच मिळतात. शेवटी म्हणाला, "बरं. जेवणासकट."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "माझ्याबरोबर चार घास खाणं इतकं जिवावर आलंय का तुझ्या?"

तो म्हणाला, "असं कसं म्हणतेस गं." आणि उठून गॅलरीत गेला. तिथे अंधारात काय बघत बसतो कोण जाणे.

१४ एप्रिल, रविवार

मिलोंगाला गेले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. तोही गेला नाही. दिवसभर रेडिओ. वर्तमानपत्राची घडीसुद्धा मोडली नाही. "सगळं खोटं छापतात," म्हणे. चष्मा तर फळीवर धूळ खात पडलेला आहे. मी पुसून त्याच्यासमोर ठेवला, त्याने पुन्हा फळीवर ठेवला.

बेबाचा फोन आला होता. मी घेतला नाही.

२८ एप्रिल, रविवार, सकाळी

काल रात्री आल्यावर लिहायची ताकद नव्हती. आता तो झोपला आहे, तेवढ्यात लिहिते.

मी निळा पोशाख घातला होता आणि त्याने माझ्यासाठी शिवलेले काळे बूट. टेबल अगदी पुढचं, रंगमंचाची कड हाताला लागेल इतकं. दिवे मंद, मध्ये मेणबत्ती. उजवीकडच्या टेबलावर एक परदेशी तरुणी बसली होती, पाठ उघडी. वेटर आला. मी मांसाचा जाड तुकडा मागवला. एवारिस्तो यादी न उघडताच म्हणाला, "मलाही तेच."

आधी वाइनचा पेला पडला. वेटरने हसून पुसून घेतलं. मग मांस आलं. तो सुरी चालवत होता आणि ताट करकरत होतं, कारण मांस इकडे आणि सुरी तिकडे. काटा तोंडाशी नेला, काट्यावर काही नव्हतं. पुन्हा नेला. पुन्हा रिकामा. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले.

"दारू चढली का तुला?" मी दातओठ खात म्हटलं. "लोक बघतायत."

"मला भूक नाही," तो म्हणाला आणि काटा-सुरी खाली ठेवली. त्याच्या कपाळावर घाम होता. मी माझं सगळं मांस खाल्लं, रागाने. हे मी आता कधी विसरणार नाही. त्याच्यासमोर बसून मी पोटभर जेवले.

मग दिवे गेले. बंदोनिऑनचा, त्या भात्याच्या पेटीचा, सूर आला, आणि एक जोडी पुढे आली. पोरगी काळ्या पोशाखात, पोरगा सडपातळ. जत्रा नव्हती ती. आमच्यापासून दोन हातांवर ते इतकं साधं चालत होते की माझा राग जरा निवला. म्हटलं, ह्याला आवडत असेल. बघते तर हा उजवीकडे तोंड करून, त्या उघड्या पाठीकडे.

मी त्याच्या कानाशी वाकले. "नाच तिकडे चाललाय."

"माहीत आहे."

"मग तिकडे बघ ना. का ही पाठ जास्त आवडली?"

"तिकडे बघितलं की ते दिसत नाहीत, म्हातारे." त्याने मान वळवली नाही. "इकडे बघितलं की थोडे दिसतात. कडेला."

मला काही कळेना.

"मध्ये डाग आहे," तो म्हणाला. "काचेवर कोणी अंगठा टेकवावा तसा. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं होतं. आधी डाव्या डोळ्यात होता, आता दोन्हीत. नाताळच्या आधीपासून. कडा तेवढ्या राहिल्यात. डॉक्टर म्हणतो डाग वाढत जाणार, त्याला इलाज नाही. म्हणून म्हटलं, एकदा पाय बघून घ्यावेत. आयुष्यभर पायांसाठी शिवत आलो."

पोरगी आमच्यासमोरून वळली. "तिची उजवी टाच सैल आहे," तो म्हणाला. "वळताना दोनदा वाजते."

मी विचारलं. विचारायची भीती वाटत होती, तरी विचारलं. "आणि रविवारी?"

"रविवारी तुझ्याकडे बघितलं की तू नसतेस. बेबाच्या खुर्चीकडे बघितलं की तू असतेस. निळी असलीस तर निळी, लाल असलीस तर लाल. मान हलवतेस की नाही, ते मात्र कळत नाही. आणि मग बेबा उठते. बाई उठल्यावर मी काय करणार, सांग."

मी रडले. त्या सगळ्या लोकांसमोर, पुढच्या टेबलावर बसून ढसाढसा रडले. परदेशी तरुणीला वाटलं मी गाण्याने हेलावले. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून मान डोलावली. वेटरने गोड आणून ठेवलं. फ्लान, अंड्या-दुधाचं पुडिंग, वर आटवलेलं गोड दूध. मी ती बशी आणि चमचा त्याच्या हातात दिला आणि त्याने सगळं खाल्लं. किती भूक लागली असेल त्याला.

शो संपत आला तेव्हा त्याने अंधारात माझा हात शोधला. "मागे त्या रविवारी," तो म्हणाला, "शेवटच्या टँगोला. तू मान हलवली होतीस का गं?"

त्याला काही दिसलेलं नाही, हे मला तेव्हा समजलं. लिटो नाही, माझा घेर नाही, काहीच नाही. माझ्या अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

"हलवली होती," मी म्हटलं.

"वाटलंच मला." त्याने माझा हात थोपटला. "मला दिसली नाही."

दुपारी मिलोंगाला जायचं नाही म्हणतो. दमलोय म्हणतो.

३० एप्रिल, मंगळवार

आज तो बंद दुकानात जाऊन बसला होता. मी माते घेऊन गेले. दिवा लावलेला नव्हता. आता त्याला दिव्याचं काय. माझे काळे बूट मांडीवर घेऊन बोटांनी चाचपत होता.

"डाव्या टाचेचा तुकडा सुटायला आलाय," तो म्हणाला.

"जुने झालेत."

"त्या रविवारीच वाजत होता." तो अगदी सहज बोलत होता. "माझ्या गुडघ्याजवळून गेलीस तेव्हा. लिटो मागे रेलतो ना, त्यामुळे तुझी डावी टाच जोरात आपटत होती. मी शिवलेला बूट मला ऐकू येणार नाही होय?"

माझ्या हातातून मातेचं भांडं पडलं नाही इतकंच.

"तुला सगळं माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस? भांडला का नाहीस माझ्याशी?"

तो बुटावरून अंगठा फिरवत राहिला. "मला वाटलं, हिला कळलंय. नवऱ्याला दिसत नाही हे हिच्या लक्षात आलंय. किती रविवार नुसती बसून राहणार बिचारी? पाहिला एखादा डोळस माणूस. मी म्हटलं बरं केलं. दोघांनी बसण्यापेक्षा एकीने तरी नाचावं."

तीन आठवडे हा माणूस असं समजून माझ्याशेजारी झोपत होता. मी त्याला टाकलं असं समजून. आणि सकाळी उठून मला माते करून देत होता.

"मग परवा मला विचारलंस कशाला, मान हलवली का म्हणून?"

"तू काय म्हणतेस ते ऐकायचं होतं." मग म्हणाला, "हलवली म्हणालीस. बरं वाटलं. खोटं होतं, तरी बरं वाटलं."

मी त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि माफी मागितली. सगळं सांगितलं, बेबाचं, माझ्या मत्सराचं. तो हसायला लागला. "बेबा? तिचे पाय बघितलेस का? बदकाचे." मग आम्ही दोघंही हसलो आणि मी पुन्हा रडले.

मी म्हटलं, "येत्या रविवारी मी उठून तुझ्यापाशी येईन. हात धरून नेईन तुला नाचायला."

तेव्हा मात्र तो रागावला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रागावला. "बाईने उठून यायचं? आणि मी सगळ्यांसमोर हात धरून चालायचं, पोरासारखं? त्यापेक्षा मी घरी बसेन." मग आवाज खाली आला. "तेवढं एक राहू दे माझं, ओफेलिया."

नंतर टाच ठोकून देतो म्हणाला. हातोडी घेतली, खिळा बोटांत धरला, एकदा उचलली. बराच वेळ तशीच वर धरून बसला. मग खाली ठेवली.

"राहू दे," म्हणाला. "वाजते ती बरी."

३ मे, शुक्रवार

डॉक्टरकडे या वेळी मीही गेले. तरुण आहे, बोलतो बरा. डाग वाढला आहे. कडा किती दिवस टिकतील हे सांगता येत नाही म्हणाला. एवारिस्तोने विचारलं, "नाचायला हरकत नाही ना?" डॉक्टर म्हणाला, "नाचा की, आजोबा." बाहेर आल्यावर एवारिस्तो म्हणाला, "आजोबा म्हणे. त्याचे बूट बघितलेस? कागदाचे."

बेबाला घरी बोलावून सगळं सांगितलं. ती आधी माझ्या गळ्यात पडून रडली. मग नाक पुसत म्हणाली, "आणि मी मूर्ख बाई, केसांमुळे बघतो समजत होते गं!"

"मला सांगायचंस तरी की तू भाळली आहेस."

"भाळले कसली? या वयात कोणी बघतंय म्हटल्यावर मान आपोआप हलते." मग म्हणाली, "आता मी काय करू ते सांग."

"शेवटच्या टँगोला खुर्ची सोडून जा. बस."

५ मे, रविवार

तो यायला तयार नव्हता. मी काळे बूट पिशवीत घातले आणि दारात उभी राहिले. शेवटी म्हणाला, "बरं चल. आज जाऊन येऊ." कोट घातला, सगळी बटणं लावली.

दुपारभर कोणाबरोबर नाचला नाही. मीही नाही. लिटोने एकदा बघितलं, मी नजर वळवली. तो समजला. भला माणूस आहे.

शेवटचा टँगो जाहीर झाला. बेबा ठरल्याप्रमाणे उठली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेली. समोर एवारिस्तोने मान जरा फिरवली आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागला. शेजारचे दोघे एकमेकांना कोपराने ढोसत होते, म्हातारा कुठे बघतोय म्हणून. तो कुठे बघतोय हे त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं. इतकं सरळ माझ्याकडे त्याने लग्नाआधीही कधी बघितलं नसेल.

मी मान हलवली.

तो हलला नाही. मी पुन्हा हलवली, मग तिसऱ्यांदा, टांग्याच्या घोड्यासारखी. काही नाही. मधे जोड्या उभ्या राहायला लागल्या, आणि त्यांच्या आडून मला त्याचा चेहरा दिसत होता. वाट बघणारा. मी निळा पोशाख घातला होता, मुद्दाम. आज तो निळाही त्याला दिसत नसावा.

उठून जायचं नव्हतं. तेवढं एक त्याचं राहू द्यायचं होतं. मग मी बसल्या जागी डावा पाय उचलला आणि टाच लाकडी फरशीवर आपटली. सुटा तुकडा खटकन वाजला. पुन्हा आपटली.

तो उठला. कोट खाली ओढला, जोड्यांच्या मधून सरळ चालत आला, पूर्वी यायचा तसाच, घाई न करता. कोणाला धक्का लागला नाही. आमच्या खुर्च्यांपुढे येऊन थांबला, किंचित वाकला आणि हात पुढे केला. बेबाच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

मी आवाज न करता सरकून त्या खुर्चीवर बसले आणि त्याच्या हातात हात दिला.